बाईंचं इंजिन

उस्मानपुऱ्यातली ती खोली मला मिळाली, ती पश्चिम दिशा ओळखता आली म्हणून.

मी नोकरीसाठी परभणीहून नुकताच आलो होतो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. कुणीतरी पत्ता दिला, की स्टेशनाच्या अलीकडे एका गल्लीत निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, त्यांची माडीवरची खोली रिकामी आहे. मी गेलो तर बाई अंगण झाडत होत्या. हातात खराटा, मनगटावर पुरुषी घड्याळ, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. म्हणाल्या, "आत्ता तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे?"

सकाळचं ऊन माझ्या पाठीवर होतं. मी म्हणालो, "पश्चिमेला."

"बरोबर. खोली बघून घ्या." मग जिना चढता चढता म्हणाल्या, "तुमच्या आधी बँकेतले एक गृहस्थ आले होते. माणूस चांगला होता. पण स्वतःच्या घराचं दार कुठल्या दिशेला उघडतं ते त्यांना सांगता येईना. अशा माणसाच्या हातात किल्ली कशी द्यायची?"

छावणीतल्या मुलींच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला होता. डावं-उजवं हे शब्द त्यांनी आपल्या बोलण्यातून कधीच काढून टाकले होते. मीठ कुठं आहे म्हटलं की "फळीवर, दक्षिणेच्या टोकाला." जिन्यात पाय ठेवताना "पूर्वेकडून या, पश्चिमेची पायरी निखळलीय." एकदा न्हाव्याच्या दुकानातून मी परतलो, तर माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "वायव्येचा कल्ला आखूड झालाय." मी आरशासमोर उभा राहून बराच वेळ वायव्य शोधत होतो.

जे काही त्यांना पटायचं नाही, त्याबद्दल त्या एकच वाक्य बोलत. "हे नकाशात बसत नाही." नळाची वेळ नकाशात बसत नसे, शेजाऱ्यांच्या लाउडस्पीकरचा आवाज नकाशात बसत नसे, आणि पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी काढलेला मुहूर्तही बसला नाही. लग्नाला मात्र त्या आल्या, नव्या नवरीला जवळ बसवून तिच्या माहेरचं दार कुठल्या दिशेला आहे ते विचारलं, आणि तिनं "ईशान्येला" असं उत्तर दिल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला हुशार बायको मिळालीय, सांभाळून राहा." बायको अजूनही कबूल करते, की ते उत्तर तिनं अंदाजानं ठोकलं होतं.

मी राहायला गेलो ती दुष्काळाची वर्षं होती. पाऊस लागोपाठ दगा देत होता. जायकवाडीचं धरण पार तळाला गेलेलं, आणि शहर मात्र चहूकडे पसरत होतं. शेंद्र्याकडे नवे कारखाने उभे राहत होते, त्यांच्यासाठी रस्ते, रस्त्यांसाठी खडी, आणि सगळ्यांसाठी टँकर. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं तेव्हा माणसं कामावर रजा टाकत. बाईंच्या घरात पाण्याचा प्रवास ठरलेला होता. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजीचं फरशीला, फरशीचं कडुलिंबाला. मला आंघोळीला एक बादली होती, आणि त्या बादलीतही वरून चार बोटं रिकामी ठेवायची. पहिल्याच आठवड्यात मी दाढीला तांब्याभर पाणी घेतलं, तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, "माझे वडील वाटीभर पाण्यात दाढी करत. आणि त्यांची दाढी तुमच्यापेक्षा दाट होती."

रोज संध्याकाळी त्या छत्री घेऊन बाहेर पडत. आकाशात ढगाचं नाव नसताना छत्री कशाला, असं मी विचारलं नाही. पण त्या जातात कुठं, याचं मला कुतूहल होतं. दुधवाल्यानं सांगितलं, "बाई ठेसनात जात्यात. गाडीत काय बसत नाय. फलाटाचं तिकीट काढत्यात, आत जात्यात, आन् माघारी येत्यात."

एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "चला, एक ओळख करून देते."

आम्ही स्टेशनात शिरलो. त्यांनी दोन फलाट तिकिटं काढली. फलाट संपला, उतार उतरलो, मालधक्का मागे पडला. पलीकडे वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. त्या रानात एक वाफेचं इंजिन उभं होतं.

ते छोट्या लाईनीचं, म्हणजे मीटरगेजचं होतं. आमच्याकडे मोठी लाईन झाली, तेव्हा छोटे रूळ सगळे उखडले, गाड्या गेल्या, डबे गेले. हे एक इंजिन आणि त्याच्या मागचं कोळशा-पाण्याचं टेंडर कसं कोण जाणे मागे राहिलं. ज्या रुळांवर ते उभं होतं तेवढेच तुकडे जमिनीत शिल्लक होते. पुढं रूळ नाही, मागं रूळ नाही. अंगावर गंजाची लाली चढलेली. धुराड्यातून एक रोपटं डोकावत होतं. टेंडरच्या सावलीत कुणाच्या तरी शेळ्या निवांत बसल्या होत्या.

बाईंनी छत्री मिटली. इंजिनाच्या पोटाला उलटा तळहात लावला, आपण आजारी माणसाच्या कपाळाला लावतो तसा.

"तब्येत बरी आहे आज," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. पिशवीतून त्यांनी रॉकेलची बाटली काढली आणि एकेका चाकाच्या बुडाशी, रुळाला चिकटलेल्या गंजावर थोडं थोडं ओतलं. तेवढं झाल्यावर छत्री उघडून म्हणाल्या, "चला."

इंजिन का आवडतं, हे त्यांना अनेकांनी विचारलं असेल. उत्तर माणसागणिक बदलायचं. वॉर्डाच्या नगरसेवकाला त्या म्हणाल्या, की तुमच्या वॉर्डाची ओळख होईल. शाळेच्या मुख्याध्यापिकेला सांगितलं, मुलींना वाफेची शक्ती समजेल. शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "मला लोखंड आवडतं. सोनं तुम्ही घ्या." माझ्या वाट्याला खरं उत्तर आलं, तेही सहज, गच्चीवर मिरच्या वाळत घालताना.

बहात्तरच्या दुष्काळात त्या नुकत्याच शिक्षिका झाल्या होत्या. पहिली नेमणूक लाईनीवरच्या एका लहान गावात होती. शाळेत मुलं येत, पण शिकायला नाही. दुपारी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या कण्या शिजवून मिळत, त्यासाठी येत. धान्य रेल्वेनं यायचं.

"कधी येईल याचा भरवसा नसायचा," बाई म्हणाल्या. "मुलं ओट्यावर बसून राहायची. बोलायची नाहीत. इतकी मुलं एकत्र आणि आवाज नाही, असं तुम्ही कधी पाहिलं नसेल, पाहूही नये. मग लांबून शिट्टी ऐकू यायची. शिट्टी आली की आम्ही चूल पेटवायचो. पोती उतरायच्या आधी, गाडी दिसायच्याही आधी. आणि चूल पेटली की मुलं भांडायला लागायची. जागेवरून, वाटीवरून. ते भांडण ऐकून मला रडू यायचं."

"हेच इंजिन होतं का ते?" मी विचारलं.

"कोण सांगणार? नंबर बघायला सवड होती कोणाला?" त्यांनी मिरच्या पसरल्या. "त्याच घरातलं आहे, एवढं पुरे."

मग बातमी आली. शेंद्र्याच्या कारखान्यांचा माल चढवायला नवा मालधक्का होणार होता. बाभळीचं रान साफ होणार आणि आतलं लोखंड भंगारात जाणार. गॅस कटरवाले येऊन मोजमाप घेऊन गेल्याचंही शेळ्या राखणाऱ्या बाईनं सांगितलं.

बाई मला बरोबर घेऊन रेल्वेच्या अधिकाऱ्याकडे गेल्या. अधिकारी तरुण होता, शांत होता. त्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण कोणत्या संस्थेतर्फे आलात?"

"संस्था नाही. मी एकटीच आहे," बाई म्हणाल्या. "पण सकाळी लवकर उठते."

तो हसला. त्यानं वर बोलून बघतो म्हटलं, आणि खरंच बोलला. महिन्याभरानं त्यानं सांगितलं, की इंजिन लोकांना बघण्यासाठी ठेवायचं असेल तर शहराला देता येईल. जागा आणि नेण्याची सोय मात्र तुमची, आणि पावसाळ्याच्या आत जागा रिकामी झाली पाहिजे. त्यानंतर त्याच्या हातात काही उरणार नव्हतं.

जागेचं काम नगरसेवकानं केलं. स्टेशनाकडे येणाऱ्या रस्त्यावर बागेसाठी राखलेला एक रिकामा तुकडा होता, सध्या तिथं कचरा पडायचा. बाकीच्या सगळ्याला बाईंच्या विद्यार्थिनी धावल्या. या शहरातल्या अर्ध्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी होत्या आणि उरलेल्या त्यांच्या बहिणी. एकीच्या नवऱ्याकडे शेंद्र्याला क्रेन आणि ट्रेलर होते. मी ज्या बांधकाम कंपनीत नोकरी करत होतो तिच्या मालकाची बायको दुसरी. त्यामुळे मालकांनी इंजिनाचा चौथरा फुकट बांधून द्यायचं कबूल केलं आणि ते काम माझ्या गळ्यात घातलं. दिवसभर साइटवर चौथरा, संध्याकाळी घरमालकिणीला चौथऱ्याचा हिशोब. मला सुटका नव्हती.

मालकांनी नकाशा झोकात काढला होता. उंच काँक्रीटचा चौथरा, भोवती हिरवळ, पुढे कारंजं. बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "कारंजं नकाशात बसत नाही." हिरवळही नाही. मालकांनी निमूटपणे दोन्ही खोडलं. चौथरा राहिला.

काँक्रीटचा पहिला थर पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर आला. ताज्या काँक्रीटला रोज पाणी पाजावं लागतं, नाहीतर त्याला तडे जातात. टँकरवाल्यानं नळी सोडली आणि मी बघतोय तो मागच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन रस्त्यात उभ्या. त्यांच्या पुढे सुमनबाई म्हणून एक होती, लोकांकडे धुण्याभांड्याची कामं करणारी. ती आली आणि नळीवर पाय देऊन उभी राहिली.

"साहेब, ह्ये पानी कुठं घालताय?"

"चौथऱ्यावर. सिमेंट पक्कं व्हायला लागतं."

"किती दिस?"

"दोन-तीन आठवडे."

तिनं मागच्या बायकांकडे बघितलं. ओरडली नाही. म्हणाली, "आमच्यात टँकर येईना झालाय. लेकरं दुसऱ्याच्या दारात तांब्या घेऊन हुबी राहत्यात. आन् तुमी दगडाला पानी पाजताय व्हय?"

कामावरचे गवंडी थापी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात छत्री दिसली. बाई आल्या, त्यांनी सुमनबाईला पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग मला विचारलं, "पाणी घातलं नाही तर काय होईल?"

"तडे जातील. इंजिनाचा भार पेलणार नाही."

"बरं." त्या टँकरवाल्याकडे वळल्या. "नळी पश्चिमेला घ्या."

टँकरवाला गोंधळून चारी बाजूंना बघायला लागला.

"हंड्यांकडं घ्या," मी म्हणालो.

त्या दिवसापासून टँकर वस्तीत रिकामा होऊ लागला आणि माझं काम थांबलं. काँक्रीटला तिसऱ्याच दिवशी केसासारख्या चिरा पडल्या. मालक वैतागले. मीही वैतागलो. संध्याकाळी बाई अंगणात बसल्या होत्या, तिथं जाऊन मी पहिल्यांदा त्यांच्याशी चढ्या आवाजात बोललो.

"इतके दिवस तुम्ही माझ्या मागे लागलात, आणि स्वतःच काम बंद पाडलंत. आता पावसाळ्याच्या आत चौथरा होत नाही. रेल्वेनं इंजिन कापून नेलं तर मला बोलू नका."

एरवी मी एक बोललो तर त्या तीन बोलायच्या. त्या दिवशी नुसत्या घड्याळाचा पट्टा सैल करून परत आवळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "त्या मुलांसाठी धान्य घेऊन यायचं ते, म्हणून मला हवंय. मुलांच्या तोंडचं पाणी घेऊन उभं केलं तर मी त्याच्याकडे बघू कशी?"

मी वर निघून आलो. माझाच आवाज माझ्या कानात राहिला होता.

सकाळी त्या जिन्याशी उभ्या होत्या. मी उतरायच्या आत त्यांनी विचारलं, "मला एक सांगा. इतकी वर्षं ते कशावर उभं होतं?"

"म्हणजे?"

"रुळाखाली काय असतं?"

"खडी," मी म्हणालो. "खडीवर लाकडी स्लीपर, त्यावर रूळ."

"धावताना गाडीचा भार ती खडी पेलायची. मग नुसतं उभं राहायला चौथरा कशाला पाहिजे?"

मी तसाच पायरीवर बसलो. आमच्या कंपनीत कुणी काही म्हटलं की काँक्रीट, एवढंच डोक्यात बसलेलं. खडीला पाणी लागत नाही, वाट बघावी लागत नाही. जमीन चोपायची, खडी पसरायची, रूळ टाकायचे. मी मालकांकडे धावलो. रेल्वेच्या अधिकाऱ्याला विचारलं, तर जुने स्लीपर आणि रुळाचे तुकडे यार्डात पडलेलेच होते, त्यानं ते आनंदानं दिले. चिरा पडलेलं काँक्रीट आम्ही फोडलं आणि खाली भरावाला वापरलं. आठवडाभरात जागा तयार झाली, रस्त्याच्याच पातळीवर. आज तिथं येणारं लहान मूल चाकाला सरळ हात लावू शकतं. चौथरा असता तर ते मान वर करून बघत राहिलं असतं.

न्यायचा दिवस रविवार ठरला, रस्त्यावर गर्दी कमी म्हणून. टेंडर आदल्या दिवशी काही त्रास न देता जाऊन बसलं होतं. इंजिनासाठी क्रेन घेऊन रफिकभाई आले. छावणीचे राहणारे, शेंद्र्याच्या कारखान्यांत अवजड यंत्रं उतरवण्यात त्यांचा हात बसलेला. बाई उजाडतानाच तिथं पोचल्या होत्या आणि नेमक्या क्रेनच्या फिरण्याच्या जागी उभ्या होत्या.

"अम्मा, जरा बाजू हो जाव," रफिकभाई म्हणाले.

"बाजू म्हणजे कुठली? उत्तर की दक्षिण?"

रफिकभाईंनी डोकं खाजवलं. "जिधर साया हैं ना, उधर."

बाई सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "माणूस कामाचा आहे."

साखळदंड ताणले गेले. मला भीती होती ती चाकांची. वर्षानुवर्षं एका जागी उभी राहून ती रुळाला जखडली असतील असं वाटत होतं. क्रेन गुरगुरली, इंजिन अंगभर थरथरलं, आणि एकदम, चिकटलेला कागद सुटावा तसं, वर आलं. बाईंच्या रॉकेलनं काम केलं होतं. चाकांखालून गंजाची भुकटी झरझर खाली पडली. गवंडी, हमाल, शेळीवाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रफिकभाईंनी ते ट्रेलरवर अलगद ठेवलं, चारी बाजूंनी आवळलं, आणि आम्ही चालत्या माणसाच्या वेगानं रस्त्याला लागलो.

जागा शंभरेक पावलांवर राहिली असेल. तिथं रस्त्याच्या कडेनं नव्या वस्त्यांकडे जाणारी पाण्याची पाइपलाइन टाकलेली होती. चर बुजवलेला दिसत होता, पण आत माती भुसभुशीत होती. ट्रेलरची मागची चाकं त्यावर आली आणि आत गेली. आधी वीतभर, मग आणखी. सगळा ट्रेलर एका अंगाला कलला. इंजिनाच्या भारानं साखळदंड करकरले.

"कोई हिलना नक्को," रफिकभाई म्हणाले. आवाज चढवला नाही, पण सगळे होते तिथं थिजले. त्यांनी वाकून चाकाखाली पाहिलं, वर विजेच्या तारांकडे पाहिलं. "क्रेन इधर खड़ी नै होती. तारां हैं ऊपर. नीचे से भरना पड़ता. पत्थर होना, जल्दी."

मी बाईंकडे पाहिलं. त्या रस्त्याच्या कडेला खाली बसल्या होत्या, धुळीतच. छत्री बाजूला पडलेली. तोंडाचा रंग उतरला होता. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ गेलो तर त्या म्हणाल्या, "कुणी खाली तर नाही ना? माणूस कुणी त्या बाजूला नाही ना?"

त्या बाजूला म्हणाल्या त्या. दिशा नाही सांगितली.

"कुणी नाही, बाई," मी म्हणालो, आणि पळालो.

उरलेल्या खडीचा ढीग आमच्या जागेवर होता. हमाल सगळे ट्रेलरपाशी अडकलेले. वस्तीतल्या बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे मांडून बसल्या होत्या. मी धापा टाकत सुमनबाईला म्हणालो, "इंजिन कलंडतंय. खडी पाहिजे."

"बाईचं इंजन?"

"हो."

तिनं आणखी काही विचारलं नाही. हंडा पालथा केला आणि उठली. तिच्या मागं सगळ्या उठल्या. घमेली आमची होती तेवढी घेतली, ती संपल्यावर कुणी पाट्या आणल्या, कुणी टोपली. ढिगापासून ट्रेलरपर्यंत बायकांची रांग लागली. हातातून हातात खडी पुढं सरकत होती. रफिकभाई आडवे पडून चाकाच्या बुडाशी ती दडपत होते, वरून स्लीपरचे ओंडके सारत होते, मग जॅक थोडा वर, परत खडी, परत ओंडका. ऊन चढलं. त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. एकदा जॅक घसरला आणि सगळं धूड कचकन खाली बसलं. रांगेतल्या बायकांनी डोळे मिटून घेतले. रफिकभाई मात्र तसेच पडून होते. म्हणाले, "हो जाता. लाव और."

शेवटी ड्रायव्हरनं गाडी गिअरमध्ये टाकली. ट्रेलर कुंथला, मागं गेला, पुढं आला, आणि चाकं चरातून निघून डांबरावर चढली. इंजिन सरळ झालं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते श्वास सोडत उभे होते. सुमनबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि बाईंच्या हाताला धरून त्यांना उठवलं. "उठा बाई. निगालं बगा."

पुढचं सगळं सोपं होतं. दुपार टळायच्या आत इंजिन आपल्या रुळांवर, टेंडरच्या पुढं उभं राहिलं. रफिकभाईंनी साखळदंड सोडले आणि त्याच्या सावलीत अंग टाकलं. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. नगरसेवकानं दोन शब्द बोला म्हटलं, तेव्हा इंजिनाकडे बघून त्या "बरं झालं" एवढे दोनच शब्द बोलल्या आणि छत्री घेऊन घरी निघाल्या.

पुढे त्या इंजिनाला काळा रंग लागला, भोवती कठडा झाला. शहर त्याच्या पलीकडे कितीतरी वाढलं, शहराचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं. लग्न ठरलेली जोडपी आता तिथं फोटो काढायला येतात. बाईंनी त्यानंतर बरीच वर्षं काढली, तब्येतीनं धडधाकट. माझ्या मुलीला दिशा त्यांनीच शिकवल्या. त्यांचं नाव निघालं की मला या सगळ्यापेक्षा त्या रविवारनंतरचा सोमवार जास्त आठवतो.

सोमवारी सकाळी मला खराट्याचा आवाज आला नाही. मी त्या घरात राहायला आल्यापासून असा दिवस उगवला नव्हता. उजाडायच्या आत अंगण झाडून व्हायचं. मी खाली उतरलो. अंगणात कडुलिंबाचा पाला तसाच. दार आतून बंद. दुधवाला पातेली घेऊन उभा होता. "कवाचा हाका मारतोय," तो म्हणाला. मी कडी वाजवली. मोठ्यानं वाजवली. खिडकी ढकलून पाहिली, आतून अडसर होता. शेजारच्या काकू आल्या, त्यांच्यामागं त्यांचा मुलगा, त्याच्यामागं गल्ली. कालचं ऊन, ती दगदग, त्यांचं ते धुळीत बसणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढं यायला लागलं. काकू तोंडाला पदर लावून हळू आवाजात म्हणाल्या, "मनासारखं झालं की असं होतं हो कधी कधी. जीव अडकलेला असतो." मला त्यांचा राग आला, आणि मी पुन्हा कडी वाजवायला लागलो. कुणीतरी कोपऱ्यावरच्या सुताराला बोलवायला गेलं.

सुतार आला. त्यानं पिशवी उघडली, पटाशी काढली, दाराच्या फटीत घातली.

आतून कडी निघाली.

दारात बाई उभ्या होत्या. केस मोकळे, पार कमरेपर्यंत. इतके लांब केस आहेत हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. मनगटावर घड्याळ नव्हतं. डोळे झोपेनं जड झालेले, आणि गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली. त्यांनी सुताराकडे पाहिलं, दुधवाल्याकडे पाहिलं, काकूंच्या पदराकडे पाहिलं, जमलेल्या सगळ्या माणसांवरून नजर फिरवली, आणि घाबऱ्या आवाजात मला विचारलं,

"काय हो, कोण गेलं?"

मी म्हणालो, "कुणी नाही, बाई. सगळे आहेत."